पिंपल्सवरची रेटिनॉइड औषधं: ट्यूब कशी लावावी, गोळी कुणी टाळावी?

मुरूम, पुटकुळ्या, तारुण्यपीटिका, पिंपल्स. नाव काहीही घ्या, त्रास एकच. त्यावर बहिणीला गुण आलेली ट्यूब, मित्राकडे उरलेली गोळ्यांची स्ट्रिप किंवा कोल्हापूरच्या डॉक्टरांची दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठी घेऊन निपाणीच्या मेडिकलमध्ये जाणं, हे सीमाभागात अनेक घरांत सहज घडतं. या चिठ्ठीवर बऱ्याचदा ‘रेटिनॉइड’ गटातलं औषध असतं.

ही औषधं वाईट नाहीत. मुरमांवर ती खरोखर चालतात आणि जगभरातले त्वचारोगतज्ज्ञ गेली कित्येक दशकं ती देत आहेत. पण याच गटातली एक गोळी गरोदरपणात पोटात गेली, तर बाळाला जन्मभराचं गंभीर व्यंग येऊ शकतं. एकाला अमृत ठरलेलं औषध दुसऱ्याला विष ठरू शकतं, ते असं. म्हणून चिठ्ठी कुणाच्या नावाची आहे, याला इथे फार महत्त्व आहे.

रेटिनॉइड म्हणजे नेमकं काय?

‘अ’ जीवनसत्त्वापासून किंवा त्याच्या धर्तीवर तयार केलेल्या औषधांना रेटिनॉइड म्हणतात. त्वचेतल्या तेलग्रंथी जास्त तेल सोडतात, मृत पेशींमुळे छिद्रांची तोंडं बंद होतात, आत जंतू वाढतात आणि सूज येते. मुरूम येतो तो असा. रेटिनॉइडमुळे पेशी चिकटून राहत नाहीत आणि छिद्रं मोकळी राहतात. म्हणून आलेला मुरूम बसवण्यापेक्षा नवा मुरूम येऊ न देणं हे या औषधाचं खरं काम आहे.

यात दोन प्रकार नीट ओळखायला हवेत:

- लावायची औषधं: ट्रेटिनॉइन, अडॅपलीन, टॅझॅरोटीन. ही क्रीम किंवा जेलच्या ट्यूबमध्ये मिळतात.
- पोटात घ्यायची गोळी: आयसोट्रेटिनॉइन. ही बहुधा मऊ कॅप्सूलच्या रूपात असते. मोठ्या, दुखऱ्या, खड्डे पाडणाऱ्या किंवा इतर औषधांना दाद न देणाऱ्या मुरमांसाठी ती दिली जाते.

‘ट्रेटिनॉइन’ आणि ‘आयसोट्रेटिनॉइन’ ही नावं कानाला सारखी लागतात, पण पोटात घेण्याच्या गोळीचा धोका कितीतरी मोठा आहे. कंपनीनुसार ब्रँडचं नाव बदलतं. म्हणून खोक्यावर बारीक अक्षरात छापलेलं औषधाचं मूळ नाव वाचायची सवय लावून घ्यावी.

ट्यूब लावायची पद्धत

ट्यूबमुळे चेहरा भाजला, सोलला, लाल झाला अशी तक्रार बऱ्याचदा होते. त्यामागे बहुतेक वेळा ‘जास्त लावलं की लवकर बरं होईल’ ही समजूत असते.

1. औषध रात्रीच लावावं. चेहरा साध्या, सौम्य फेसवॉशने धुऊन टिपून घ्यावा आणि पूर्ण कोरडा होऊ द्यावा. पंधरा-वीस मिनिटं थांबलेलं बरं.
2. मटाराच्या दाण्याएवढं औषध सगळ्या चेहऱ्याला पुरतं. ठिपके ठेवून हलक्या हाताने पसरावं. फक्त मुरमावर ठिपका देऊन भागत नाही. जिथे मुरूम येतात तो सगळा भाग घ्यावा.
3. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांच्या खाचा आणि ओठांचे कोपरे सोडावेत.
4. पहिले दोन-तीन आठवडे एक दिवसाआड लावावं. त्वचा सरावली की डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज.
5. वरून साधं मॉइश्चरायझर लावावं. त्वचा फारच नाजूक असेल तर आधी मॉइश्चरायझर आणि मग औषध, असंही चालतं.
6. सकाळी चेहरा धुऊन किमान एसपीएफ 30 चं सनस्क्रीन लावावं. शेतात, ऊसतोडीला किंवा दुचाकीवरून उन्हात जाणाऱ्यांनी टोपी, ओढणी, रुमाल वापरावा.

बेन्झॉइल परॉक्साइड हे मुरमांवरचं दुसरं नेहमीचं औषध. जुन्या पद्धतीच्या ट्रेटिनॉइनबरोबर ते एकाच वेळी लावलं तर ट्रेटिनॉइनचा असर कमी होतो. दोन्ही लिहून दिली असतील तर एक सकाळी आणि एक रात्री लावायचं का, हे विचारून घ्यावं. अडॅपलीनला ही अडचण नाही.

औषध चालू असताना लिंबू, टूथपेस्ट, खायचा सोडा, खरखरीत स्क्रब चेहऱ्याला लावू नये. ब्लीच, फेशियल, वॅक्सिंगही टाळावं. सोललेली त्वचा वॅक्सबरोबर निघून येते. विनाचिठ्ठी मिळणारी रेटिनॉलची सीरमं याच कुळातली आहेत, तीही वरून थापू नयेत.

पहिले दोन-तीन महिने धीर धरा

सुरुवातीच्या काही आठवड्यांत त्वचा कोरडी पडते, थोडी चुरचुरते, कधी कधी मुरूम वाढल्यासारखे वाटतात. इथेच अनेकजण ट्यूब फेकून देतात. खरा फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. चुरचुर जास्त झाली तर दोन-चार दिवस थांबून पुन्हा एक दिवसाआड सुरू करावं. त्वचा सुजली, फोड आले किंवा पाणी सुटलं तर मात्र औषध थांबवून डॉक्टरांना दाखवावं. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर अशी जळजळ झाली तर मागे काळे डाग राहतात आणि ते मुरमांपेक्षा जास्त दिवस टिकतात.

गरोदर असताना किंवा दिवस राहण्याची शक्यता असताना लावायची रेटिनॉइडसुद्धा डॉक्टर बंद करायला सांगतात. त्वचेतून रक्तात फार थोडं औषध जातं हे खरं, पण मुरमांसाठी तेवढीही जोखीम घ्यायचं कारण नाही.

‘गोरं करणारी’ क्रीम म्हणजे मुरमांचं औषध नव्हे

ट्रेटिनॉइन आणखी एका वाटेने घरात येतं. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड या तिघांचं मिश्रण असलेल्या क्रीम बाजारात आहेत. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांचे सहकारी विलिस यांनी 1975 मध्ये असं मिश्रण मांडलं, ते वांगाच्या डागांसारख्या त्रासासाठी. ते थोड्याच आठवड्यांसाठी आणि डॉक्टरांच्या नजरेखाली वापरायचं असतं.

आपल्याकडे मात्र अशी क्रीम ‘चेहरा उजळतो’ म्हणून महिनोन्‌महिने चोळली जाते. आधी चेहरा तुकतुकीत दिसतो. मग स्टेरॉइडमुळे त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, लव वाढते आणि मुरूम उलट फोफावतात. थांबवलं की आग होते, म्हणून माणूस पुन्हा तीच क्रीम लावतो. देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध बरीच वर्षं आवाज उठवला. 2018 मध्ये केंद्र सरकारने 14 स्टेरॉइड मलमांची विनाचिठ्ठी विक्री बंद करण्यासाठी ती ‘शेड्यूल एच’ मध्ये घातली. खोक्यावर मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसलं तर ती क्रीम मुरमांवर लावू नका. बरेच दिवस लावत असाल तर एकदम न थांबवता डॉक्टरांना दाखवा.

गोळी: गुण मोठा, अटीही मोठ्या

आयसोट्रेटिनॉइनला अमेरिकेत 1982 मध्ये मान्यता मिळाली. तेलग्रंथी आकसवणारं इतकं परिणामकारक औषध त्याआधी नव्हतं. डोस वजनावर ठरतो: साधारणपणे दर किलोमागे रोज 0.5 ते 1 मिलिग्रॅम. आपल्याकडे अनेक डॉक्टर त्याहून कमी डोस जास्त दिवस देतात. त्यामुळे 80 किलोच्या भावाचा डोस 45 किलोच्या बहिणीला चालत नाही.

गोळी पोटभर जेवणाबरोबर घ्यावी. जेवणात तेल, तूप, शेंगदाण्याची चटणी, दूध असं स्निग्ध काही असलं तर ती अंगी लागते. उपाशीपोटी घेतली तर बरंचसं औषध वाया जातं.

सुरू करण्याआधी यकृताची आणि रक्तातल्या चरबीची तपासणी होते आणि काही आठवड्यांनी पुन्हा. ओठ फुटणं जवळजवळ सगळ्यांना होतं. व्हॅसलीन किंवा लिप बाम जवळ ठेवावा. डोळे कोरडे पडतात, नाकातून थोडं रक्त येऊ शकतं, अंग दुखतं. काहींना रात्रीचं कमी दिसतं, त्यांनी रात्री हायवेवर दुचाकी चालवताना जपावं.

हेही पाळावं:

- टेट्रासायक्लिन, डॉक्सिसायक्लिन, मिनोसायक्लिन या अँटिबायोटिक गोळ्या सोबत घेऊ नयेत. मेंदूभोवतालचा दाब वाढू शकतो.
- ‘अ’ जीवनसत्त्व असलेल्या टॉनिकच्या गोळ्या बंद ठेवाव्यात. दारू टाळावी.
- गोळी चालू असताना आणि नंतर एक महिना रक्तदान करू नये. गणेशोत्सवातलं, शिवजयंतीचं शिबिर असलं तरी नाही. ते रक्त एखाद्या गरोदर बाईला चढू शकतं.
- गोळी चालू असताना आणि नंतर सहा महिने वॅक्सिंग करू नये.
- तालमीत किंवा जिममध्ये प्रोटीन पावडर, इंजेक्शनं घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. मुरमांचं मूळ तिथेही असू शकतं.

लग्न ठरलं असेल तर हे आधी वाचा

गर्भावस्थेत ही गोळी पोटात गेली तर बाळाचा मेंदू, हृदय, कान आणि चेहरा यांच्या घडणीत गंभीर दोष येऊ शकतात, गर्भपातही होऊ शकतो. थोडे दिवस किंवा कमी डोस घेतला म्हणून धोका टळत नाही. नियम साधा आहे: गोळी सुरू करण्याआधी एक महिना, चालू असेपर्यंत आणि बंद केल्यावर एक महिना दिवस राहता कामा नयेत. सुरू करण्याआधी गर्भचाचणी, आणि विवाहित किंवा संबंध असलेल्या स्त्रियांनी शक्यतो दोन प्रकारची गर्भनिरोधक साधनं वापरावीत.

आपल्याकडची अडचण अशी की चेहरा नितळ व्हावा म्हणून गोळी सुरू होते ती लग्न ठरल्यावर, आणि लग्नानंतर ‘गोड बातमी’ची घाई घरच्यांना असते. कोर्स साधारण चार-सहा महिन्यांचा, कधी त्याहून लांब. तारीख मे महिन्यातली असेल आणि गोळी मार्चमध्ये सुरू झाली, तर अर्धा कोर्स सासरीच होणार. म्हणून लग्नाची तारीख पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगावी. कदाचित ते गोळीऐवजी दुसरं औषध देतील, कदाचित तारीख धरून कोर्स आखतील. हळदीच्या दिवशी लिंबू-हळद चेहऱ्यावर घासू नये, हेही घरच्यांना सांगून ठेवावं.

डॉक्टरांनी अविवाहित मुलीला पाळीबद्दल, दिवस राहण्याबद्दल विचारलं तर आई-मावशीने राग मानू नये. तो चारित्र्याचा प्रश्न नाही, औषधाचा आहे. मुलीला डॉक्टरांशी एकटीने बोलायचं असेल तर बोलू द्यावं. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील तर तेही सांगावं. पीसीओएस असेल तर उपचार वेगळे असतात.

अमेरिकेत 2006 पासून या गोळीसाठी सक्तीची नोंदणी आहे. गर्भ राहू शकणाऱ्या रुग्णाला दर महिन्याला गर्भचाचणी केल्याशिवाय पुढची गोळी मिळत नाही. आपल्याकडे अशी देशव्यापी नोंदणी नाही. त्यामुळे लक्ष डॉक्टर, मेडिकलवाले आणि घरच्यांनीच ठेवायचं.

गोळी चालू असताना पाळी चुकली तर गोळी त्याच दिवशी थांबवा, चाचणी करा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना गाठा. पुढे काय करायचं हा निर्णय त्या स्त्रीचा आहे. 1971 चा गर्भपाताचा कायदा आणि त्यातली 2021 ची दुरुस्ती दोन्ही राज्यांत सारखीच लागू आहे. उशीर केला तर मात्र पर्याय कमी होतात.

नवऱ्याने गोळी घेतल्यामुळे बाळात असे दोष येतात असं दिसलेलं नाही. पण त्याची स्ट्रिप घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नये.

दोन राज्यं, तीन भाषा, एक फाइल

औषधविक्रीचा कायदा केंद्राचा आहे. निपाणीत असो की कागलला, आयसोट्रेटिनॉइन चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. ‘शेड्यूल एच’च्या औषधावर डाव्या वरच्या कोपऱ्यात ‘आर-एक्स’ ही खूण असते.

पण चिठ्ठी इंग्रजीत, दवाखान्यातलं बोलणं कन्नडमध्ये आणि घरात मराठी, यात सूचना हरवते. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात, केएलईमध्ये किंवा कोल्हापूरच्या सीपीआरला, कुठेही दाखवा; न समजलेलं पुन्हा विचारायला संकोच करू नका. मुरमाला कन्नडमध्ये ‘मोडवे’ म्हणतात, गरोदर बाईला ‘गर्भिणी’. माहेर निपाणी आणि सासर कोल्हापूर असेल तर रिपोर्ट आणि चिठ्ठ्यांची एक फाइल सोबत न्यावी. नव्या डॉक्टरांना ‘ही गोळी अमुक तारखेपर्यंत घेतली’ एवढं जरी कळलं तरी पुष्कळ.

निघण्याआधी हे चार प्रश्न विचारावेत: औषधाचं मूळ नाव काय? किती दिवस घ्यायचं? पुढची तपासणी कधी? दिवस राहण्याआधी किती थांबायचं?

कधी थांबायचं नाही

तीव्र डोकेदुखीबरोबर उलटी किंवा अंधुक दिसणं, पोटात जोराचं दुखणं, डोळे पिवळे होणं, शौचावाटे रक्त यांपैकी काही झालं तर गोळी बंद करून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मन फार उदास राहणं, जीव नकोसा वाटणं हेही लक्षण समजून डॉक्टरांना सांगावं. ‘टेलिमानस’च्या 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येतं. औषधाचा दुष्परिणाम नोंदवण्यासाठी केंद्राचा टोल-फ्री क्रमांक 1800-180-3024 आहे.

कोर्स संपल्यावर उरलेल्या गोळ्या कपाटात ठेवू नयेत आणि ‘मला गुण आला’ म्हणून कुणाला देऊही नयेत.