गोधडी : टाका व त्याचे नियमन

जुन्या कापडाचे अनेक थर एकावर एक अंथरून धावदोऱ्याने एकजीव केलेले अंथरूण-पांघरूण म्हणजे गोधडी. दक्षिण महाराष्ट्रात तिला वाकळ म्हणतात. बंगालमधील कांथा, बिहारमधील सुजनी, सिंध व राजस्थानातील रल्ली आणि कर्नाटकातील सिद्दी स्त्रियांची कवंदी हे तिचे सगोत्र प्रकार होत. रजईत थरांच्या मध्ये कापूस भरलेला असतो. गोधडीत कापड हेच कापडाचे भरण असते. त्यामुळे तिचा टिकाऊपणा जवळजवळ सर्वस्वी टाक्यावर अवलंबून राहतो. टाका फार लांब पडल्यास तो जोडव्यात किंवा नखात अडकून तुटतो व थर सरकतात. फार आखूड पडल्यास विरलेले कापड भोकांच्या त्याच रेषेत फाटते. टाक्याची लांबी सारखी राखणे हा येथे शोभेचा प्रश्न नाही. हात, दातेरी यंत्र व इलेक्ट्रॉनिक नियामक अशा तीन साधनांनी तो क्रमाक्रमाने हाताळला गेला.

गोधडीचा इतिहास लिहिण्यास साधने तुटपुंजी आहेत. पोर्तुगीज प्रवासी दुआर्ते बार्बोझा याने सोळाव्या शतकाच्या प्रारंभी खंबायतच्या रजयांचा उल्लेख केला. बंगालच्या भरतकामयुक्त रजया पोर्तुगालला गेल्या व त्यांतील काही संग्रहालयांत टिकून राहिल्या. गोधडी मात्र विकण्यासाठी शिवली जात नसे. ती वापरून विरली, की दुसऱ्या गोधडीच्या पोटात जाई आणि अखेर तिचे पोतेरे होई. जी वस्तू पूर्णपणे वापरली जाते, तिचा नमुना मागे उरत नाही. म्हणूनच ग्रामीण स्त्रियांच्या या कामाला कलाइतिहासात त्याच्या वाट्याची जागा मिळाली नाही. गाडगे महाराजांना (१८७६–१९५६) लोक ‘गोधडे महाराज’ असेही म्हणत. गोधडी हा शब्द दारिद्र्य व वैराग्य या दोहोंशी किती सहज जोडला जाई, हे त्यावरून दिसते.

ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शहापूर व मुरबाड हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी असून तेथे पाऊस भरपूर पडतो. आगरी, कुणबी, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व वारली ही येथील प्रमुख वस्ती. मुरबाड तालुक्यातील म्हसे येथे पौष महिन्यात भरणारी यात्रा जनावरांच्या बाजाराप्रमाणेच घोंगड्यांच्या विक्रीसाठीही ओळखली जाते. घोंगडी विकत घ्यावी लागे, गोधडी घरच्या चिंध्यांतून होई, हा दोहोंतील व्यावहारिक फरक होय. मुंबईत १८५४ मध्ये पहिली कापडगिरणी स्थापन झाली आणि १८६१ पर्यंत लोहमार्ग शहापूर तालुक्यातून कसाऱ्यापर्यंत पोहोचला. गिरणीचे सुती कापड खेड्यांत आल्यावर लुगडी व धोतरे हाच गोधडीचा मुख्य कच्चा माल बनला.

गोधडी शिवण्याचा हंगाम भाताची कापणी-झोडणी उरकल्यानंतरचा. जुनी पांघरुणे उन्हाळ्यात नदीवर धुऊन वाळवून घेतात व नवी पावसाळ्यापूर्वी पुरी करतात, कारण पुढे चार महिने जाड कापड वाळत नाही. अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर कामाला जातात व पावसाळ्याच्या तोंडावर परततात. भट्टीवरच्या झोपडीत जमीन व अंग यांच्यामध्ये गोधडीच असते. टाका उसवणे म्हणजे काय, हे तेथील थंडीत कळते.

शिवताना थर जमिनीवर ताणून अंथरतात, कोपऱ्यांवर वजन ठेवतात व कडेपासून आत अशा एकात एक चौकटी शिवीत मध्याकडे येतात. शिवणारी स्त्री बहुधा गोधडीवरच बसते; तिच्या वजनाने थर हलत नाहीत. सुईवर एका वेळी तीनचार टाके घेऊन मग दोरा ओढला जातो. सुई खाली-वर होण्याची लय, अंगठ्याचा दाब आणि शेजारची आधी शिवलेली ओळ ही या कामातील मोजमापे होत. मागची ओळ हीच पुढच्या ओळीची मोजपट्टी असते. टाका सु. अर्धा सेंमी. वा त्याहून थोडा लांब पडतो. जाड काठ आला की हात आपोआप टाका लांबवितो, विरलेला भाग आला की ओळ थोडी बाजूने नेतो. वरवर पाहता ही असमानता कौशल्याची उणीव वाटते. वस्तुतः कापडाची अवस्था बोटांनी ओळखून केलेले ते नियमन आहे.

शिवणयंत्राने हे नियमन हातातून काढून घेतले. इलायस हौ याने १८४६ मध्ये व ऐझाक सिंगर याने १८५१ मध्ये यंत्राचे एकस्व मिळविले. तथापि सारख्या टाक्याचे श्रेय मुख्यतः ॲलन विल्सन याच्या १८५४ च्या सरकयोजनेकडे जाते. सुईखालील दातेरी तुकडा वर येतो, कापड पुढे ढकलतो, खाली जातो व मागे परततो. प्रत्येक टाक्यास कापड तेवढेच सरकते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हे यंत्र भारतात रुळले. गोधडीला मात्र ते फारसे मानवले नाही. दाते खालचा थर ओढतात, वरचा मागे राहतो आणि सुरकुत्या पडतात. शिवाय दाट बखयाने जुने कापड कातरल्यासारखे होते. यंत्राची ओळ सरळ जाते, वळणे घेणे त्याला जड जाते.

वळणदार शिवणीसाठी दाते खाली बसवून कापड हातानेच फिरविण्याची रीत निघाली; तीस मुक्तचालन शिवण म्हणता येईल. अमेरिकेत १९८० च्या सुमारास प्रसार पावलेल्या लाँगआर्म यंत्रात याउलट रजई ३–४ मी. लांब चौकटीवर ताणलेली राहते व रुळांवर बसविलेले यंत्रच तिच्यावरून फिरविले जाते. दोन्ही रीतींत टाक्याची लांबी पुन्हा हातावर येते. सुई मिनिटाला १,२०० टाके घालत असेल, तर सेकंदाला २० टाके होतात. हात सेकंदास ५ सेंमी. सरकला, तर प्रत्येक टाका २.५ मिमी. पडेल. वळणावर हात मंदावून २.५ सेंमी. झाला, तर टाका १.२५ मिमी. होतो, सरळ ओळीत १० सेंमी. झाला, तर ५ मिमी. जुने कारागीर मोटारीच्या आवाजावरून हाताचा वेग जुळवीत. टाका-नियामकाने ही जुळवणी उलट्या बाजूने केली. चाकांजवळील संवेदक यंत्र उभ्या व आडव्या दिशेने किती सरकले ते मोजतात, सूक्ष्मसंस्कारक त्यावरून मोटारीचा वेग ठरवितो आणि हात थांबला की सुईही थांबते. घरगुती यंत्रासाठी स्वित्झर्लंडच्या बर्निना कंपनीने २००० नंतरच्या दशकात आणलेल्या नियामकात हेच काम दाबपायावरील प्रकाशसंवेदक कापडाची हालचाल पाहून करतो.

नियामक अंतर मोजतो. खालचे कापड नवे आहे की विरलेले, हे त्याला कळत नाही. एकसारख्या नव्या कापडाच्या रजईस तो उत्तम. गोधडीच्या पोटात मात्र पाच घरची पाच तऱ्हेची कापडे असू शकतात. लाँगआर्म यंत्राची किंमत काही लाख रुपये असल्याने खेड्यातील शिवणारीच्या आवाक्यात ते नाही. खरी अडचण मोबदल्याची आहे. बचत गटांच्या प्रदर्शनांतून गोधडी विकली जाऊ लागली, तेव्हा प्रथमच तिला किंमत सांगावी लागली. ती ठरविताना चिंध्या फुकट आणि हातही फुकट, असा हिशेब सर्रास होतो. यंत्रशिवणीच्या सफाईशी तुलना करून हातशिवणीचा भाव पाडणे हे तर अज्ञानच म्हणावे लागेल.

कच्चा मालही बदलला आहे. सुती लुगडी दुर्मिळ झाली व कृत्रिम धाग्याच्या साड्यांनी त्यांची जागा घेतली. या साड्या पावसाळ्यात लवकर वाळतात, हा त्यांचा गुण. पण त्या घाम शोषत नाहीत व थर एकमेकांवरून घसरतात. त्यामुळे ओळींतील अंतर बोटभरावरून कमी करून टाके अधिक जवळ घ्यावे लागतात, आणि तेवढ्याच गोधडीला अधिक दिवस लागतात.