समासातील खूण आणि छापील पान

हस्तलिखित छापखान्यात धाडताना त्याच्या समासात खुणा करण्याची चाल फार जुनी. ‘हा मथळा’, ‘हा शब्द तिरका’ असे लिहावे आणि कंपोझिटरने त्याबरहुकूम खिळे जुळवावेत. संगणकाने हीच चाल उचलली.

१९६४ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जेरोम सॉल्टझर यांनी ‘रनऑफ’ ही आज्ञावली रचली. तीत टिंबाने आरंभ होणारी ओळ यंत्रासाठी, बाकीच्या वाचकासाठी. पुढे आपल्या ग्रंथाची मुद्रिते पाहून नाराज झालेल्या डोनाल्ड नूथ यांनी १९७८ मध्ये ‘टेक्’ सिद्ध केले. त्याची पाने देखणी खरी. पण तिरप्या रेघा आणि महिरपी कंस यांच्या गर्दीत लेखकाचे स्वतःचे वाक्यच हरवू लागले.

ती गर्दी हटविली जॉन ग्रुबर यांच्या ‘मार्कडाउन’ने, २००४ मध्ये. ॲरन स्वार्ट्झ यांचे त्यांना साहाय्य होते. शब्दाभोवती तारका म्हणजे जोर, ओळीआधी चौकटखूण म्हणजे मथळा. खुणांसकट मजकूर सुखाने वाचता येतो. मात्र ही योजना वेबपानांसाठी होती. कागदासाठी हवी होती १९९३ ची ‘पीडीएफ’. हा सांधा २००६ मध्ये जुळविला बर्कलीचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांच्या ‘पॅनडॉक’ने. आज ‘विम’ किंवा ‘व्हीएस कोड’ या लेखनसाधनांना एक छोटी पुरवणी जोडली की कळ दाबताच पीडीएफ हाती येते. श्रेय पुरवणीला मिळते, पण ती बिचारी केवळ निरोप्या. मजकूर पॅनडॉककडे जातो, तो त्याला लाटेक्-चे रूप देतो आणि पान लाटेक् बांधते.

आपल्या मराठीचे घोडे येथेच अडते. वेगळे सांगितले नाही तर पॅनडॉक ‘पीडीएफलाटेक्’ला बोलावतो, आणि त्याला देवनागरी उमजत नाही. त्याऐवजी ‘झीलाटेक्’ची योजना करून देवनागरी टंकाचे नाव द्यावे लागते. त्यामागील ‘झीटेक्’ ही जोनाथन क्यू यांची २००४ ची निर्मिती.

एवढ्यानेही सारे साधत नाही. पीडीएफ मुख्यतः आकृती आणि त्यांच्या जागा सांभाळते. आपली ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर, पण कागदावर त्याच्या आधी. म्हणून पीडीएफमधून मजकूर उचलताना पुष्कळदा वेलांट्या भलत्या जागी पडतात आणि जोडाक्षरे फुटतात. ज्याने मूळ साधी फाईल फेकून केवळ पीडीएफ ठेवली, त्याला दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी अक्षर न् अक्षर पुन्हा तपासावे लागते.