पीसी कधी चालू होतो, कधी होत नाही: दोष रॅमचा आहे का, हे कसं शोधायचं?

बटण दाबलं की पंखे फिरतात, कॅबिनेटमधले लाईट लागतात, पण स्क्रीन काळीच राहते. दोन-तीनदा बंद-चालू केलं की अचानक सगळं सुरळीत होतं आणि मग दिवसभर काही त्रास नाही. दुरुस्तीवाल्याकडे नेला तर तिथे तो पहिल्याच झटक्यात चालू होतो.

डेस्कटॉपच्या या दुखण्यामागे अनेकदा रॅम असते. पण अनेकदा म्हणजे नेहमी नाही. 'रॅम गेली असेल, नवीन टाका' हा सल्ला सध्या महागात पडू शकतो. एआय डेटा सेंटर्सची मागणी वाढल्यामुळे २०२५ च्या उत्तरार्धात रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉन कंपनीने सामान्य ग्राहकांसाठीचा 'क्रुशियल' हा आपला ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे पैसे खर्च करण्याआधी दोष नेमका कुठे आहे हे शोधायला हवं. त्यातलं बरंचसं काम घरीच, फुकटात होतं.

पीसी चालू होताना रॅमचं काय होतं?

विंडोजचा लोगो दिसण्याआधी मदरबोर्डवरचा बायोस सगळे पार्ट तपासतो. याला 'पोस्ट' म्हणतात. यातला महत्त्वाचा टप्पा म्हणजे मेमरी ट्रेनिंग.

डीडीआर४ रॅमचा ३२०० हा वेग म्हणजे प्रत्येक डेटा पिनमधून सेकंदाला ३२० कोटी वेळा माहितीची ये-जा. एवढ्या वेगात सिग्नल नेमका कोणत्या क्षणी वाचायचा, हे तापमान, व्होल्टेज आणि पिनांच्या संपर्कावर ठरतं. म्हणून प्रोसेसर आणि रॅम आधी एकमेकांचा ताल जुळवून बघतात. ताल जुळला की पीसी पुढे जातो, नाही जुळला की अडकतो.

'कधी चालू, कधी बंद' याचं उत्तर इथेच आहे. पूर्ण मेलेली रॅम बहुतेक वेळा दरवेळी अडते. कधीतरीच अडणाऱ्या पीसीत मात्र काहीतरी काठावर चालू असतं. पिनांचा संपर्क ढिला असेल, वेग झेपत नसेल, व्होल्टेज अपुरं असेल किंवा एखादी चिप हळूहळू बिघडत असेल. सकाळी थंड असताना ताल जुळत नाही आणि मशीन थोडं तापलं की जुळतो, असंही होतं.

एक अपवाद लक्षात ठेवा. डीडीआर५ रॅम नवीन बसवल्यावर किंवा बायोस रीसेट केल्यावर पहिल्या ट्रेनिंगला काही मिनिटं लागू शकतात. तेवढा वेळ स्क्रीन काळी असते. घाबरून मधेच बटण दाबू नका, १० ते १५ मिनिटं थांबा.

दोष रॅमकडेच आहे, हे कशावरून ओळखायचं?

अनेक मदरबोर्डवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट अशी नावं असलेले चार छोटे लाईट असतात. पीसी अडल्यावर डीरॅमचा लाईट लागून राहिला, तर अडचण मेमरीच्या टप्प्यावर आहे. काही बोर्डांवर त्याऐवजी बीप वाजतात. त्यांचा अर्थ प्रत्येक बोर्डासाठी वेगळा असतो, म्हणून तो मॅन्युअलमध्येच बघा.

इतर खुणा अशा:

- पीसी आपोआप दोन-तीनदा बंद-चालू होतो आणि मग बायोसची सेटिंग्ज रीसेट झाल्याचा मेसेज येतो.
- ३२ जीबी रॅम असताना विंडोजमध्ये १६ जीबीच दिसते.
- विंडोज सुरू होताना निळी स्क्रीन येते आणि दरवेळी एररचं नाव वेगळं असतं.
- डाउनलोड केलेल्या झिप फाइल उघडत नाहीत, गेम किंवा सॉफ्टवेअरचं इन्स्टॉलेशन विनाकारण अडतं.

आता रॅम नसण्याच्या खुणा. पंखेही फिरत नसतील, तर आधी एसएमपीएस आणि वायर बघा. घड्याळ सतत मागे जात असेल, तर मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही नाण्यासारखी बॅटरी संपत आलेली असते. स्क्रीन काळी असताना कीबोर्डचं नम लॉक दाबल्यावर त्याचा लाईट बदलत असेल, तर पीसी बहुधा चालू झालेला आहे. मग मॉनिटर, केबल किंवा ग्राफिक्स कार्ड तपासा.

आधी बॅकअप, फॉरमॅट नंतर

विंडोज नीट सुरू होत नाही म्हटल्यावर अनेक जण फॉरमॅट मारून बघतात. रॅमवर संशय असताना हे करू नका.

डिस्कवर जाणारी प्रत्येक फाइल रॅममधून जाते. रॅममध्ये एखादा बिट उलटला, तर फाइल तशीच चुकीची सेव्ह होते आणि विंडोज काहीच इशारा देत नाही. बिघडलेल्या रॅमवर नवी विंडोज टाकली, तर तीही सदोष असू शकते.

हे जाणकारांच्याही पटकन लक्षात येत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या मुख्य कॉम्प्युटरवर प्रोग्राम अचानक कोसळू लागले. आधी त्यांना लिनक्सच्या नव्या कोडमध्ये दोष असावा असं वाटलं. शेवटी कारण निघालं रॅमची एक स्टिक, जी सुमारे अडीच वर्षं व्यवस्थित चालली होती. सर्व्हरमध्ये चुका ओळखून दुरुस्त करणारी 'ईसीसी' रॅम असते. घरच्या डेस्कटॉपमध्ये ती सहसा नसते.

म्हणून लग्नाचे फोटो, प्रोजेक्ट, दुकानाचे हिशेब, जे काही महत्त्वाचं असेल ते आधी वाचवा. शक्य असेल तर हार्ड डिस्क किंवा एसएसडी काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा आणि तिथून कॉपी करा. जुना बॅकअप असेल तर त्यावर नवा लिहू नका, दोन्ही वेगळे ठेवा.

तपासणी कोणत्या क्रमाने करायची?

नियम एकच. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो लिहून ठेवायचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर कशाने फरक पडला हे कळत नाही.

१. वेग कमी करा. रॅमच्या पाकिटावर छापलेला वेग अनेकदा ओव्हरक्लॉकिंगचा असतो. इंटेलच्या बाजूला त्या सेटिंगला 'एक्सएमपी' म्हणतात, एएमडीकडे 'एक्स्पो'. डीडीआर४ चं मूळ व्होल्टेज १.२ असतं, एक्सएमपी चालू केल्यावर ते बऱ्याचदा १.३५ होतं. बायोसमध्ये जाऊन हे सेटिंग बंद करा आणि काही दिवस बघा. त्रास थांबला तर रॅम खराब असेलच असं नाही, तो वेग तुमच्या प्रोसेसरला किंवा बोर्डला झेपत नसेल. थोडा कमी वेग ठेवून पीसी वर्षानुवर्षं चालू शकतो, रोजच्या कामात फरकही क्वचित जाणवतो.

२. रॅम काढून परत बसवा. पीसी बंद करा, एसएमपीएसचं मागचं बटण बंद करा, वायर काढा आणि पॉवरचं बटण १० सेकंद दाबून धरा. हाताची स्थिर वीज जावी म्हणून कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करा. मग दोन्ही बाजूंचे क्लिप उघडून स्टिक सरळ वर ओढा. काही बोर्डांवर एकाच बाजूला क्लिप असतो. परत बसवताना खाच जुळवा आणि 'टक्' आवाज येईपर्यंत दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या. अर्धवट बसलेली स्टिक हे या त्रासाचं अगदी नेहमीचं कारण आहे.

मुंबई-कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत सोनेरी पिनांवर थर साचू शकतो. दुकानात त्यासाठी सर्रास खोडरबर वापरतात. पण पिनांवरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो आणि जोरात घासल्याने तो झिजतो, शिवाय रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडतो. त्यापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेलं, धागे न सुटणारं कापड पिनांवरून अलगद फिरवा. पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका. स्लॉटमध्ये टोकदार वस्तू घालू नका.

३. एकेक स्टिक वेगळी तपासा. समजा दोन स्टिक आहेत. त्यांना कागदी चिकटपट्टीने 'अ' आणि 'ब' अशी नावं द्या. चार स्लॉट असलेल्या बहुतेक बोर्डांवर एकच स्टिक लावायची असेल, तर ती प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावतात. दोन असतील तर दुसऱ्या आणि चौथ्या. तरी आपल्या बोर्डचं मॅन्युअल एकदा बघाच.

आधी फक्त 'अ' दुसऱ्या स्लॉटमध्ये, मग त्याच स्लॉटमध्ये फक्त 'ब'. त्यानंतर दोन्ही आळीपाळीने चौथ्या स्लॉटमध्ये.

- प्रत्येक स्लॉटमध्ये 'अ' लावल्यावरच त्रास होतो: दोष 'अ' स्टिकमध्ये.
- एकाच स्लॉटमध्ये दोन्ही स्टिक अडतात: दोष स्लॉट, बोर्ड किंवा प्रोसेसरकडे.
- एकेकटी चालते, जोडीने अडते: वेग, व्होल्टेज किंवा न जुळणारी जोडी.

इथे घाई केली की फसगत होते. समजा तुमचा पीसी चारातून एकदा अडतो. असा पीसी काहीही दुरुस्त न करता, निव्वळ नशिबाने सलग ५ वेळा चालू होण्याची शक्यता जवळपास २४ टक्के आहे. सलग १० वेळा चालू होण्याची शक्यता मात्र ६ टक्क्यांहून कमी. म्हणून प्रत्येक जुळणी किमान १० वेळा चालू करून बघा. त्यातल्या दोन-तीन वेळा तरी पीसी रात्रभर बंद ठेवून सकाळी, पूर्ण थंड असताना चालू करा. दुकानात तो पहिल्या झटक्यात का चालू झाला, याचा खुलासाही यातच आहे.

४. मेमरी टेस्ट लावा. विंडोजमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' आधीपासून असतं, स्टार्ट मेनूत शोधा. त्याहून कसून तपासणी 'मेमटेस्ट८६' किंवा 'मेमटेस्ट८६ प्लस' करतात. दुसऱ्या कॉम्प्युटरवर पेनड्राइव्ह तयार करायचा, त्यावरून पीसी सुरू करायचा आणि टेस्ट रात्रभर चालू द्यायची. मूळ वेगावर एकही एरर आली तरी ती रॅम विश्वासाची नाही. एररचा आकडा 'थोडाच' आहे म्हणून सोडून देऊ नका.

टेस्ट पास झाली तरी रॅम निर्दोष ठरत नाही. ही टेस्ट ट्रेनिंग यशस्वी झाल्यानंतरच सुरू होते. थंड असताना अडणारी स्टिक तापल्यावर रात्रभर एकही चूक दाखवणार नाही, असं होऊ शकतं. म्हणून तिसरी पायरी टाळू नका.

५. बायोस अपडेट करा. कंपन्या बायोस अपडेटमधून रॅमसोबतचं जुळणं सुधारत असतात, विशेषतः डीडीआर५ च्या बोर्डांवर. पण हे काम चांगली चालणारी एकच स्टिक लावून आणि एक्सएमपी किंवा एक्स्पो बंद ठेवूनच करा. मध्येच वीज गेली किंवा पीसी अडकला तर बोर्ड निकामी होऊ शकतो, त्यामुळे यूपीएस असलेला बरा.

सगळं करूनही त्रास राहिला तर?

मेमरी नियंत्रित करणारा भाग आता मदरबोर्डवर नसून प्रोसेसरच्या आत असतो. एएमडीने तो २००३ पासून आणि इंटेलने २००८ पासून डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये घालायला सुरुवात केली. त्यामुळे सॉकेटमधली एखादी वाकलेली पिन किंवा एका बाजूला जास्त आवळलेला कूलर यांमुळेही एक स्लॉट 'गायब' होऊ शकतो. नुकताच कूलर किंवा प्रोसेसर बदलला असेल, तर संशय इथे घ्या. जुना एसएमपीएसही सुरुवातीला स्थिर व्होल्टेज देत नाही, तो दुसऱ्याचा लावून बघता येतो. सॉकेटला हात लावण्याचं काम मात्र जाणकाराकडूनच करून घ्या.

नवी रॅम घ्यायचीच असेल तर

आधी जुनं बिल शोधा. अनेक कंपन्या रॅमवर मर्यादित आजीवन वॉरंटी देतात. जोडीने घेतलेली रॅम असेल तर बऱ्याचदा दोन्ही स्टिक जमा कराव्या लागतात, म्हणजे बदली येईपर्यंत पीसी बंद राहील हे धरून चला.

विकत घेताना मदरबोर्ड कंपनीच्या वेबसाइटवरची, तपासून मान्य केलेल्या रॅमची यादी बघा. जुन्या एका स्टिकला वेगळ्या कंपनीची दुसरी जोडण्यापेक्षा एकाच पाकिटातली जोडी घ्या. चारही स्लॉट भरण्याचा मोहही टाळा. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत दोन स्टिकना अधिकृत वेग ५२०० पर्यंत आहे, चार लावल्या तर तो ३६०० वर येतो.

आणि दुकानात जाताना लिहिलेली नोंद सोबत न्या: कोणती स्टिक, कोणता स्लॉट, किती वेळा चालू केला, किती वेळा अडला, कोणता लाईट लागला. अडलेल्या अवस्थेतला मोबाईलवर काढलेला व्हिडिओही ठेवा. पीसी काउंटरवर नेमका चालू झाला, तरी दुरुस्तीवाल्याला दाखवायला तुमच्याकडे काहीतरी असेल.