मुक्काम (नाटक मंडळीचा)

फिरत्या नाटक मंडळीने एका गावी राहून ठरावीक काळ खेळ लावण्याची व्यवस्था. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले. आश्रयदाते चिंतामणराव पटवर्धन यांच्या निधनानंतर (१८५१) त्यांना उत्पन्नासाठी दौरे काढावे लागले आणि १८५३ मध्ये त्यांनी मुंबईत तिकीट लावून प्रयोग केले.

पुढे मंडळ्यांची रीत ठरत गेली. व्यवस्थापक आधी गावी जाऊन थिएटर किंवा मांडवाची जागा आणि बिऱ्हाड ठरवी, हस्तपत्रके वाटली जात. मागून नट, साजिंदे, पडदे, पेट्या व स्वयंपाकाचे सामान येई. जेवणखाण एकत्र असे. प्रेक्षक ओसरू लागले की नाटक बदलत किंवा तळ हलवीत. मिरज–कोल्हापूर लोहमार्गाने (१८९१) या भागात हे सामान हलविणे सोपे झाले.

कोल्हापूरला शाहू महाराजांनी बांधविलेले पॅलेस थिएटर १९१५ मध्ये सुरू झाले. कोल्हापूरचेच गायक-नट केशवराव भोसले (१८९०–१९२१) यांनी १९०८ मध्ये हुबळीत ललितकलादर्श मंडळी काढली. त्यांचे नाव पुढे या थिएटरला देण्यात आले. ऑगस्ट २०२४ मधील आगीत या वास्तूची मोठी हानी झाली.

बोलपटांच्या आगमनानंतर (१९३१) अनेक थिएटरांत चित्रपट लागू लागले आणि लांबलचक मुक्काम मागे पडले.