दूरचे भिंग आणि आपला माळ



शिरूर आणि दौंड ही दोन्ही नदीकाठची गावे. एक घोडनदीचे, दुसरे भीमेचे. पण काठ सोडून थोडे दूर गेले, की ऊस मागे पडतो आणि माळ लागतो. आपल्या बोलण्यात माळ म्हणजे पडीक जमीन. सरकारी दप्तरातही त्याची गणना पुष्कळ काळ तशीच झाली. या ‘पडीक’ जमिनीवर काळवीट, चिंकारा, लांडगा, खोकड, धाविक, चंडोल पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले. आज पहाटे तेथे मोटारी येऊन उभ्या राहतात आणि खिडकीतून हातभर लांब नळकांडी डोकावतात. ती बंदुकीची नळी नव्हे, टेलिफोटो भिंग आहे. हे भिंग आले कोठून, ते वापरावे व जपावे कसे, आणि माणूस व जनावर यांच्या नात्यात त्याने कोणता पालट केला, याचा आज विचार करू.

माळावरच्या हरणाजवळ पोचावे कसे, हा जुन्या शिकाऱ्यापुढचाही प्रश्न होता. येथे झाडाचा आडोसा नाही. पायी चालणारा माणूस दिसताच कळप उधळतो. बैलगाडीला मात्र तो तितका बुजत नाही. म्हणून कोल्हापूरसारख्या संस्थानांत शिकारी चित्ते बैलगाडीतूनच कळपाजवळ नेत. गाडी जवळ जाई, चित्त्याच्या डोळ्यांवरची पट्टी निघे, आणि पुढचे काम क्षणात उरके. हरणाने ज्या गाडीवर विश्वास टाकला, तिच्यातूनच त्याचा काळ उतरे. 1952 मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. ज्या जनावराकडून आपण शिकार करविली, तेच आधी संपले.

याच सुमारास, पण दूरच्या देशांत, जवळ जाण्याचा दुसरा मार्ग शोधला जात होता. गॅलिलिओने 1609 मध्ये आकाशाकडे रोखलेल्या दुर्बिणीत पुढे फुगीर आणि डोळ्याजवळ खोलगट भिंग होते. टेलिफोटोचे मर्मही हेच: पुढचा भिंगसमूह किरण गोळा करतो, मागचा त्यांना किंचित पसरवतो; त्यामुळे नळी आखूड राहूनही प्रतिमा मोठी मिळते. नवल असे, की 1891 या एकाच वर्षी लंडनला डालमायर, म्युनिकला स्टाइनहाइल आणि जर्मनीतच मिथे, अशा तिघांनी स्वतंत्रपणे अशी भिंगे सिद्ध केली. परंतु त्यांतून प्रकाश फार थोडा येई. त्यामुळे डोंगर किंवा मनोरा टिपता येई, पळते हरीण नव्हे.

म्हणून आरंभीच्या छायाचित्रकारांना शिकाऱ्याचीच युक्ती उसनी घ्यावी लागली. इंग्लंडमधील रिचर्ड आणि चेरी कीर्टन या बंधूंनी 1892 मध्ये पक्ष्याच्या घरट्याचे छायाचित्र घेतले. पुढे त्यांनी बैलाचे पोकळ सोंग तयार केले आणि त्यात दडून ते पाखरांजवळ जात. आपल्याकडे संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चँपियन यांनी वाटेवर तार बांधली. वाघाचा पाय तारेला लागला, की उजेड पडे आणि वाघ स्वतःच आपले चित्र काढून देई. त्यांचे पुस्तक 1927 मध्ये निघाले. वाघासमोर बंदुकीवाचून उभे राहण्यातही पुरुषार्थ आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

भिंग खरोखर माळाच्या कामाचे झाले ते नंतर. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकसाठी झाइस कंपनीने 180 मिलिमीटरचे तेजस्वी भिंग केले. 1950 नंतर जपानी कारखान्यांनी आरशाचे कॅमेरे सुधारले, त्यामुळे भिंगातून जे येते तेच डोळ्याला दिसू लागले. 1995 मध्ये हाताचा कंप सावरणारी यंत्रणाही अशा कॅमेऱ्यांच्या भिंगात आली.

आता वापराकडे वळू. साधे भिंग 50 मिलिमीटरचे धरले, तर 500 मिलिमीटरचे भिंग दहापट जवळ आणते: शंभर मीटरवरचा चिंकारा दहा मीटरवर असावा तसा दिसतो. पण जे चित्र दहापट वाढवते, ते हाताचा कंपही दहापट वाढवते. म्हणून सेकंदाच्या पाचशेव्या भागाहून संथ झडप सहसा ठेवू नये, आणि भिंगाला टेकू द्यावा. मोटारीच्या खिडकीवर ज्वारी भरलेली कापडी पिशवी ठेवली, की तिच्यासारखा स्वस्त टेकू नाही. इंजिन बंद करावे, नाहीतर सगळी थरथर चित्रात उतरते. ऊन चढल्यावर तापलेल्या जमिनीवरून हवा लहरू लागते. हे मृगजळ कितीही महाग भिंगाला आवरत नाही. सकाळचे पहिले दोन तास आणि संध्याकाळचा शेवटचा, एवढीच खरी वेळ.

जपणुकीचे नियम आपल्या हवामानाने ठरवून दिलेले आहेत. आठ महिने धूळ, चार महिने दमट. माळावर वारा असताना भिंग बदलू नये. काचेवर धूळ बसली, तर सदऱ्याच्या टोकाने पुसण्याचा मोह आवरावा. त्या धुळीतील खर काचेवरचा लेप ओरखडते. आधी रबरी फुग्याने फुंकावी, मग मऊ कुंचला, आणि अगदी शेवटी कापड. पावसाळ्यात काचेला आतून बुरशी धरते, म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर भिंग ठेवावे व अधूनमधून वापरावे. बंद मोटारीत उन्हात ते टाकून जाऊ नये. उचलताना कॅमेऱ्याला नव्हे, भिंगालाच धरावे.

एवढ्या निगुतीने जपलेले हे भिंग कशासाठी? उत्तर एका शब्दात आहे: अंतरासाठी. ते आपल्याला जवळ नेत नाही. दूर राहून पाहण्याची सोय करते. हे विसरले, की मोटार पुन्हा शिकाऱ्याची बैलगाडी होते. अधिक मोठे चित्र हवे म्हणून लांडग्याच्या बिळापाशी चाके नेणारे आणि कळपाला पळते करणारे हौशी लोक आहेत. धाविक पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतो. वाट सोडलेल्या चाकाखाली ती जातात, आणि चालकाला कळतही नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या व्याख्येत केवळ मारणे धरलेले नाही. जनावराचा पाठलाग करणे, त्याला हाकणे, आमिष दाखवणे आणि पक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कटणे हेही धरले आहे. हातात बंदूक नाही म्हणून आपण शिकारी नाही, असे कायदाही मानत नाही.

आपल्या शेजारी काळविटांसाठी 1980 मध्ये कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे, आणि चिंकाऱ्यांसाठी 1997 मध्ये सुप्याजवळ मयूरेश्वरचे अभयारण्य झाले. पहिले सव्वादोन चौरस किलोमीटरांच्या आत, दुसरे पाचांच्या थोडे वर. एवढ्याशा जागेत पळवून लावलेले जनावर जाणार कोठे?

काचेवर ओरखडा पडला, तर दुसरी काच घेता येते. माळावरून एकदा गेलेला प्राणी विकत मिळत नाही, हे चित्त्याने आपल्याला शिकवले आहे. म्हणून पुढच्या वेळी चिंकारा मान वर करून आपल्याकडे पाहू लागला, तर चाक तेथेच थांबवावे. चित्र थोडे लहान येईल. पण तो पुन्हा मान खाली घालून चरू लागला, तर आपल्याला भिंग वापरता येते असे समजावे.