पोर्ट्समथमधले चोरटे डोळे

आधी खिसे रिकामे करा. मोबाइल इथंच राहू द्या. जिथं जायचंय तिथं तो वस्तू म्हणूनही कुणाला कळणार नाही. पाव डॉलरची मूठभर नाणी मात्र घ्या, भिंतीवरच्या फोनला लागतील. अंगात कॉलरचा टी-शर्ट, पायात मऊ तळव्याचे बूट, काखेत पिवळ्या कागदांचं पॅड. एवढ्या वेषावर तुम्ही स्काउट, म्हणजे संघांसाठी खेळाडू हेरणारा माणूस, म्हणून खपून जाल. चेहरा तेवढा कंटाळलेला ठेवा.

1987 चा एप्रिल आहे आणि तुम्ही अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यातल्या पोर्ट्समथ गावात उभे आहात. समोर एलिझाबेथ नदी, पलीकडे नॉरफोक. अलीकडे नौदलाची प्रचंड गोदी. तिचं नाव नॉरफोकचं असलं तरी ती आहे पोर्ट्समथमध्ये. वाऱ्याला खारट ओल आहे, त्यात डिझेल आणि तापलेल्या लोखंडाचा वास. गोदी बघायला आलेलो नाही आपण. या पार्किंगमधून त्या दारापर्यंत चला. आतून येणारी किरकिर ऐकू येतेय ना? ती रबरी बुटांची.

दार ढकललंत की पहिली उष्ण हवा तोंडावर येते. लाकडी जमिनीचं व्हार्निश, घाम, दुखऱ्या स्नायूंना चोळायचं झोंबरं मलम आणि या सगळ्यावर लोण्यात भिजलेलं पॉपकॉर्न, असा एक वास नाकात शिरतो आणि चार दिवस निघत नाही. छत बसकं. घड्याळाचा भोंगा वाजला की तो कानात नाही, दातांत जाणवतो. बसायला लाकडी पायऱ्या. पाठ टेकायची सोय नाही, गुडघे पुढच्याच्या पाठीला लागतात आणि शीतपेय सांडून चिकट झालेल्या फळीवरून तुमची विजार सुटताना बारीक आवाज करते.

हीच पोर्ट्समथ इन्व्हिटेशनल, बास्केटबॉलची स्पर्धा. गावकरी स्वयंसेवक चालवतात. कॉलेजचं शेवटचं वर्ष संपवणारी देशभरातली साठेक पोरं बोलावतात, त्यांचे आठ संघ करतात आणि चार दिवस एकमेकांशी खेळवतात. संघ पुरस्कृत केलेत गावातल्या धंदेवाल्यांनी. कोपऱ्यात सरबत विकणाऱ्या बाईंना स्पर्धेत कोण जिंकतं याची खरी काळजी आहे. ती असलेल्या मोजक्या माणसांपैकी त्या एक.

कारण उरलेले बघे वेगळ्याच कामावर आलेत. एनबीए या व्यावसायिक लीगचे 23 संघ, आणि प्रत्येकाची माणसं इथं. ओळखणं सोपं आहे. बास्केट पडली की गाव टाळ्या वाजवतं, ही माणसं वाजवत नाहीत. तुम्हीही वाजवू नका. मघाशी तुमचा हात उचलला गेला तेव्हा दोन रांगा पुढचा माणूस वळून बघून गेला. टाळी म्हणजे पसंती, आणि पसंती उघडी पडली की किंमत चढते. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलगी मनात भरली तरी मुलाकडचे ‘कळवतो’ म्हणत चपला घालतात, तसा इथला रिवाज आहे. फरक एवढाच की इथं एकाच मुलीला बघायला 23 घरची मंडळी एकाच बैठकीत दाटीवाटीनं बसली आहेत आणि प्रत्येकजण छताकडे बघतोय.

तुमच्या शेजारी एक म्हातारा स्काउट आहे. भुईमुगाच्या शेंगा सोलतो, टरफलं बुटाखाली सारतो. बराच वेळ तो तुमच्या नजरेवर नजर ठेवून होता. आता न राहवून बोलतो, “बॉल काय बघताय? बॉल तर गल्लीतलं पोरगंही बघतं.”

मग काय बघायचं? पाय बघा, तो सांगतो. बचाव करताना पोरगा घसरत बाजूला सरकतो की पाय पायात अडकवतो, ते बघा. हात बघा. पास न बघता झेलला की छातीशी धरून कवटाळला? बाकावर बसवल्यावर टॉवेल डोक्यावर घेऊन गप्प झाला की उठून खेळणाऱ्यांना ओरडून जागा सांगतोय? सोबती पडला तर हात द्यायला कोण धावतं? गुण मोजू नका. इथं गुण सगळेच करतात.

आणि ते खरंच आहे. ही पोरं एकमेकांना नीट ओळखतही नाहीत. एकत्र सराव जेमतेम झालाय आणि पगाराचं आयुष्य मिळणार की नाही हे चार दिवसांत ठरायचंय. चेंडू हाती आला की परत कोण देतो! चांगल्या उंचीचा सेंटर हात वर करून तीनदा धावत येतो आणि तीनदा रिकामा परत जातो. म्हणून इथं एखाद्यानं साधा, वेळेवरचा पास दिला की पायऱ्यांवरची पेनं हलतात. तीन वर्षांपूर्वी गॉन्झागा नावाच्या फारशा परिचित नसलेल्या कॉलेजचा जॉन स्टॉकटन याच स्पर्धेत खेळून गेला आणि ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात तेव्हा, यूटानं त्याला सोळावा उचलला. गेल्या वर्षी ओक्लाहोमाच्या एका आडगावच्या कॉलेजातून आलेला डेनिस रॉडमन इथला सर्वोत्तम खेळाडू ठरला. आता तो डेट्रॉइटमध्ये खेळतोय. म्हातारा ही नावं मंत्रासारखी म्हणतो, म्हणजे वर्षानुवर्षं पाठ टेकायला न मिळाल्याचं काहीतरी सार्थक.

नेमबाजांबद्दल एक गोम लक्षात ठेवा. तीन गुणांची रेघ कॉलेजात सगळीकडे याच हंगामात आली, आणि ती बास्केटपासून 19 फूट 9 इंचांवर आहे. एनबीएची रेघ समोरून 23 फूट 9 इंचांवर. चार फुटांचा फरक. कॉलेजात धडाधड तीन-तीन गुण मिळवलेल्या पोराचा आकडा वाचताना हे चार फूट मनात वजा करावे लागतात. ते कुणी कागदावर करून देत नाही.

आता वाटलेला कागद उघडा आणि एका नावावर बोट ठेवा. स्कॉटी पिपेन, सेंट्रल आर्कान्सा. सामन्याला सरासरी 23.6 गुण, 10 रिबाउंड. मागच्या रांगेतला एकजण फिस्कन हसतो, “कुणाविरुद्ध?” प्रश्न रास्त आहे. हे कॉलेज छोट्या कॉलेजांच्या एनएआयए या संघटनेत खेळतं. टीव्हीवर ते दिसत नाही, मोठे संघ त्याच्या वाटेला जात नाहीत. मग हा इथवर आला कसा? त्या गजबजीत फिरणारे मार्टी ब्लेक बघा. एनबीएचे स्काउटिंग प्रमुख. देशातलं कुठलंही कॉलेज यांच्या लेखी लहान नाही. हा पोरगा बघा, असं त्यांनी संघांच्या कानावर घातलंय.

पोरं सरावाला मैदानात येतात. पिपेन शेवटून दुसरा. बघा. आधी हात दिसतात, माणूस नंतर. खाली सोडलेले असताना बोटं जवळजवळ गुडघ्यांकडे निघालेली. तुमच्या आजूबाजूला बोलणं थांबत नाही, पण आवाज एकदम अर्ध्यावर येतो.

खालच्या बाजूला तो बुटका, गोलसर माणूस दिसतोय? जेरी क्राउस, शिकागो बुल्सचे जनरल मॅनेजर. स्काउटिंगमध्ये हयात घातलेला माणूस, बास्केटबॉलच नाही तर बेसबॉलचंही. हेरगिरीसारखी गुप्तता पाळतात म्हणून त्यांना ‘स्लूथ’ म्हणतात. तरुणपणी बॉल्टिमोरसाठी अर्ल मन्रो हेरला तोही असाच एका छोट्या कॉलेजातून. आता त्यांचा चेहरा वाचायचा प्रयत्न करू नका, वाया जाईल. त्या हातांनी ते गारद झाले होते हे त्यांनी पुढे वर्षानुवर्षं सांगितलं. आत्ता मात्र चेहऱ्यावर काही नाही.

सामना सुरू. चौथ्या-पाचव्या मिनिटाला ते घडतं. पिपेन रिबाउंड घेतो. सहा फूट सात इंचांचा पोरगा, त्यानं आता चेंडू छोट्या गार्डच्या हाती द्यायचा आणि पुढे पळायचं, हा शिरस्ता. हा देत नाही. स्वतःच टप्पे देत निघतो, मान वर, डावी-उजवी बघत, आणि टोकाला पोचताच बाजूनं येणाऱ्याला बिनबोभाट पास. बास्केट. गाव टाळ्या वाजवतं.

हे कुठून आलं? शाळेत हा सहा फूट एक इंचाचा पॉइंट गार्ड होता. आर्कान्सातल्या हॅम्बर्ग गावचा, बारा भावंडांतला धाकटा, बाप कागदाच्या गिरणीत कामाला. एकाही कॉलेजनं शिष्यवृत्ती दिली नाही. सेंट्रल आर्कान्सात शिरला तो संघाचा मॅनेजर म्हणून, खेळाडूंचं सामान सांभाळायला. मग अंग उंच होत गेलं आणि थांबेचना. हातांची लकब मात्र गार्डचीच राहिली. मोठ्या कॉलेजात पहिल्याच दिवशी या उंचीनं गेला असता तर प्रशिक्षकानं त्याला बास्केटखाली उभा केला असता आणि चेंडू नेणं विसरायला लावलं असतं. कुणी विचारलं नाही, हेच त्याच्या पथ्यावर पडलं, असं माझं मत आहे.

तुमची जीभ वळवळतेय, कळतं मला. तुम्हाला पुढचं ठाऊक आहे. मायकल जॉर्डनच्या शेजारी हा उभा राहणार, शिकागो सहा विजेतेपदं जिंकणार. गप्प बसा. म्हाताऱ्याला शेंग द्या हवं तर. तसंही तुमच्या सांगण्याची इथं गरज नाही. आजूबाजूचा प्रत्येकजण पॅडवर काहीतरी लिहितोय आणि दुसऱ्या हातानं ते झाकतोय.

मध्यंतरात भिंतीवरच्या फोनपाशी रांग लागते. नाणी खळखळतात, तार बोटाला गुंडाळली जाते, तोंड भिंतीकडे. कुणीही नाव घेत नाही. “तो आला होता. हो. नाही, नंतर बोलू.” तुमच्या पुढच्या माणसाच्या मानेवर घाम आलाय आणि तो नुसत्या उकाड्याचा नाही. आपण बघितलं यापेक्षा बाकीच्यांनीही बघितलं, याची ही भीती. शिकागोच्या वाट्याला ड्राफ्टमधला आठवा आणि दहावा क्रमांक येणार आहे. पोरगा जितका चांगला खेळेल तितका तो हातातून निसटणार. क्राउस यांनी त्यानं वाईट खेळावं अशी प्रार्थना केली असती तर मी समजू शकतो.

रात्री मोटेलची खोली. खिडकीतलं यंत्र खडखडतं, बाहेर बर्फाच्या मशीनमधून तुकडे कोसळतात, गालिच्याला जुन्या सिगारेटींचा वास. पिवळा कागद समोर. काय लिहाल? ‘हात लांब’ हे लिहून झालं. पुढे? भूक आहे का त्याच्यात? मोठ्या हॉलमध्ये वीस हजार माणसं ओरडताना हातपाय गळतील का? याला फूटपट्टी नाही. आणि तुम्हाला दिवसभर टोचत असलेली गोष्टही लिहायला रकाना नाही. मैदानात घामेजलेली पोरं बहुतेक काळी, पायऱ्यांवर त्यांचे हात-पाय जोखणारे बहुतेक गोरे, आणि गाव व्हर्जिनियातलं. म्हाताऱ्याला हे बोलून दाखवलंत तर तो शेंगा सोलायचं थांबेल. उत्तर देईल असं वाटत नाही.

पुढचे दोन महिने मी तुम्हाला उडवत नेतो. होनोलुलूत आणखी एक स्पर्धा, पिपेन तिथंही चमकतो. मग शिकागोचं शिबिर. आता लपवालपवीला अर्थ उरलेला नाही. एप्रिलमध्ये ‘कुणाविरुद्ध?’ म्हणणारे जूनमध्ये त्याला पहिल्या दहात धरतात.

22 जून, न्यूयॉर्क. ड्राफ्टचा दिवस. मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या इमारतीतलं फेल्ट फोरम. रस्त्यावरचा उकाडा, गाडीवरच्या भाजक्या प्रेट्झेलचं मीठ ओठांवर. आत गारवा, टीव्हीचे प्रखर दिवे आणि वरच्या बाकांवर घसा फोडणारे न्यूयॉर्ककर. कमिशनर डेव्हिड स्टर्न पहिलं नाव घेतात, डेव्हिड रॉबिन्सन. हा नौदलाच्या अकादमीचा. आधी नौदलाची सेवा, मग खेळ, त्यामुळे सॅन अँटोनिओला त्याच्यासाठी दोन हंगाम थांबावं लागणार. पाचवं नाव, सिअॅटल, स्कॉटी पिपेन. पोरगा हात मिळवून सिअॅटलची टोपी घालतो. ती फार वेळ टिकत नाही. सौदा आधीच शिजलाय. शिकागो आठव्या क्रमांकावर ऑल्डन पॉलिनिसला घेतं, तो सिअॅटलला जातो, वर पुढच्या ड्राफ्टमधल्या निवडीचीही भर, आणि पिपेन शिकागोला. दहाव्या क्रमांकावर क्राउस होरेस ग्रँटलाही उचलतात. एका संध्याकाळची ही कमाई फारच झाली.

जायच्या आधी बारावं नाव ऐकाच. मगसी बोग्ज, उंची 5 फूट 3 इंच. घेणारा संघ वॉशिंग्टन, जिथं 7 फूट 7 इंचांचा मनूट बोल आधीच आहे. मोजपट्टीवाल्यांची एवढी थट्टा आणखी कुणी केली नसेल. चौदा हंगाम खेळला हा बोग्ज.

त्या दिवशी सात फेऱ्यांत 161 नावं पुकारली गेली. यातल्या बऱ्याच जणांना एनबीएचा एक मिनिटही मिळाला नाही. पोर्ट्समथची स्पर्धा मात्र आजही दर एप्रिलला भरते. त्या वेळी तिकडे असाल तर जरूर जा. सोबत शेंगा न्या, टाळ्या वाजवू नका, आणि चेंडू सोडून पायांकडे बघा.