रोटाव्हायरस लसीकरण (शेगाव परिसर)

रोटाव्हायरस लसीकरण (शेगाव परिसर) : तान्ह्या मुलांना रोटाव्हायरस-प्रतिबंधक लस तोंडावाटे देणे आणि तिचा साऱ्या लोकवस्तीतील अतिसारावर होणारा परिणाम. शेगाव (जि. बुलढाणा) येथे ही लस सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमातून मोफत मिळते. भारतात ती मार्च २०१६ मध्ये आंध्र प्रदेश, हरियाणा, हिमाचल प्रदेश व ओडिशा या चार राज्यांत सुरू झाली. महाराष्ट्राची पाळी २०१९ मध्ये आली. बाळाला दीड, अडीच व साडेतीन महिन्यांचा असताना, म्हणजे ६, १० व १४ व्या आठवड्यांत, पेंटाव्हॅलंट व पोलिओच्या लशींसोबत तिच्या तीन मात्रा देतात.

वऱ्हाडात हगवण म्हटली की पावसाळा, गढूळ पाणी आणि विहिरीत टाकायची ब्लिचिंग पावडर आठवते. रोटाव्हायरसचा हंगाम निराळा आहे. भारतात त्याचा जोर मुख्यतः थंडीत असतो. आधी ताप व वांत्या, मग पाण्यासारखे जुलाब, आणि अंगातले पाणी आटल्याने मूल काही तासांत गळून जाते. हा विषाणू १९७३ मध्ये मेलबर्न येथे रूथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ओळखला. संसर्गाला त्याचे मोजके कणही पुरतात. त्यामुळे लस येण्यापूर्वी श्रीमंत देशांतली मुलेसुद्धा पाच वर्षांच्या आत जवळजवळ सगळी एकदा तरी बाधित होत. तिथे मरत मात्र फार थोडी. शेगाव तालुका पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात मोडतो आणि चांगल्या पाण्याची मागणी इथे जुनी आहे. ती रास्तच आहे, पण नळाला गोडे व स्वच्छ पाणी आले म्हणून हा विषाणू गावाबाहेर राहत नाही.

भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात वापरल्या जाणाऱ्या दोन्ही लशी देशी आहेत. ‘रोटाव्हॅक’चा मूळ विषाणू १९८०च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये, कोणतीही लक्षणे नसलेल्या नवजात बाळांत सापडला. डॉ. महाराज किशन भान यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि हैदराबादच्या भारत बायोटेकने लस बनवली. तिची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी दिल्ली व वेल्लोर येथे आणि पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्रामार्फत ६,७९९ बालकांवर झाली. दुसरी ‘रोटासिल’, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची.

चाचणीत रोटाव्हॅकने तीव्र आजारापासून सुमारे ५४ टक्के संरक्षण दिले. गोवराच्या लशीशेजारी हा आकडा फिका दिसतो. पण अर्धवट संरक्षणाचे मोल आजाराचे ओझे किती, यावर ठरते. लशीपूर्वीच्या अंदाजानुसार रोटाव्हायरसमुळे भारतात दरवर्षी सुमारे ७८ हजार बालके दगावत आणि पावणेनऊ लाखांच्या आसपास दवाखान्यात भरती होत. एवढ्या ओझ्यातले निम्मे उतरले तरी ते थोडके नव्हे.

प्रत्यक्षात किती उतरले? २०१६ ते २०२० या काळात नऊ राज्यांतील ३१ रुग्णालयांमध्ये अतिसाराने भरती झालेल्या मुलांची तपासणी झाली. ज्यांच्या शौचात रोटाव्हायरस सापडला त्यांची आणि ज्यांच्यात सापडला नाही त्यांची लसीकरणाची नोंद ताडून पाहण्यात आली. रोटाव्हॅकची परिणामकारकता पुन्हा ५४ टक्क्यांच्या घरातच निघाली, आणि भरती मुलांमधील रोटाव्हायरसचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून २० वर आले. हा आकडा घाईत वाचला तर आजार निम्मा झाला असे वाटते. पूर्वीच्या शंभर मुलांत रोटाव्हायरसची ४० आणि इतर कारणांची ६० होती असे धरू. इतर ६० तशीच राहिली आणि रोटाव्हायरसचा वाटा पाचवा हिस्सा झाला, तर त्याची मुले उरतात १५. म्हणजे ४० ची १५, निम्म्याहून बरीच कमी. शिवाय लस न घेतलेल्यांनाही आडून लाभ होतो, हे अमेरिकेत २००८च्या हंगामात दिसले. तिथे लशीचे वय उलटून गेलेल्या मोठ्या मुलांतही आजार घटला.

शेगावापुरता असा हिशेब मांडणे अवघड आहे. २०११च्या जनगणनेनुसार सुमारे साठ हजार वस्तीच्या या गावात श्रीगजानन महाराजांच्या दर्शनाला येणाऱ्यांची वर्दळ बारमाही असते. त्यामुळे इथल्या दवाखान्यात आलेले मूल इथलेच असेल असे नाही, आणि दर काढायला भागाकाराचा खालचा आकडा पक्का मिळत नाही. राज्यात लस आल्यावर एक हिवाळा सरतो न सरतो तोच, मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. घरातच राहिलेली मुले आजारी कमी पडली की लशीमुळे वाचली, हे त्या वर्षांच्या नोंदींतून वेगळे काढता येत नाही. शिवाय घटलेल्या आजाराला बातमीमूल्य नसते. जानेवारी २०२५ मध्ये तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले तेव्हा देशभरची माध्यमे व आयसीएमआरचे पथक येथे पोचले; टळलेली हगवण पाहायला कोण येणार?

लसीकरणातली गळती पुढच्या मात्रांच्या वेळी होऊ शकते. पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते, पहिली मात्रा तिथल्या उपकेंद्रात पडते, आणि बाळ घेऊन सासरी आल्यावर पुढच्या तारखा आशाताईला माता व बाल संरक्षण कार्डावरून कळतात. कार्ड माहेरी राहिले की मात्रा चुकू शकते.

१९९९ मध्ये अमेरिकेत ‘रोटाशील्ड’ ही पहिली लस आतड्यात आतडे शिरण्याच्या धोक्यामुळे बाजारातून काढली गेली. त्यामुळे भारतातही आतडे शिरण्याच्या या विकारावर पाळत ठेवण्यात आली. देशी लशीमुळे धोका वाढल्याचे तीत आढळले नाही. लस इतर जंतूंच्या हगवणीवर चालत नाही. तेव्हा जलसंजीवनी, झिंकच्या गोळ्या व अंगावरचे दूध चालू ठेवणे हे उपचार लस घेतलेल्या मुलालाही लागतात. उशीर झालेल्या बाळाला पहिली मात्रा वर्षाच्या आत केव्हाही देता येते. ती एकदा पडली की पुढच्या दोन मात्रा बाळाचे वर्ष उलटल्यावरही पूर्ण करतात.